बसवलेल्या किडनीची सोनोग्राफी: किती पैसे, कशाचे आणि कधी

‘ट्रान्सप्लांटच्या पेशंटची सोनोग्राफी करायची आहे, किती लागतील?’ असे सेंटरच्या काउंटरवर विचारले की उत्तर चटकन मिळते. हजार, बाराशे, फार तर दोन हजार. आकडा खोटा नसतो, पण बहुतेक वेळा तो वेगळ्याच तपासणीचा असतो. काउंटरवरची मुलगी दर सांगते पोटाच्या साध्या सोनोग्राफीचा, आणि नेफ्रॉलॉजिस्टला हवा असतो बसवलेल्या किडनीचा डॉप्लर, म्हणजे तिच्यातला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. मग पेशंट साधा रिपोर्ट घेऊन ओपीडीत पोचतो, डॉक्टर तो उलटसुलट पाहून म्हणतात, “यात फ्लो कुठे आहे?”, आणि तेच पोट, तीच जेल, पुन्हा नव्याने पैसे.

या तपासणीचा खर्च सर्वात जास्त वाढतो तो इथे. सेंटर महाग असल्याने वाढतो त्यापेक्षा चुकीची तपासणी करून घेतल्याने जास्त वाढतो. म्हणून दरांच्या आधी नावे पाहू.

चिठ्ठीवर साधारण चार प्रकारचे शब्द येतात. ‘यूएसजी केयूबी’ म्हणजे किडनी, मूत्रनलिका आणि मूत्राशय. ‘यूएसजी अॅब्डोमेन-पेल्व्हिस’ म्हणजे सगळे पोट, त्यात यकृत-पित्ताशयापासून सगळे आले. ‘रीनल डॉप्लर’ म्हणजे जन्मजात दोन किडन्यांच्या रक्तवाहिन्या. ब्लडप्रेशर आटोक्यात येत नसेल तर ही करतात. आणि चौथा, तुमच्या कामाचा: ‘ग्राफ्ट किडनी डॉप्लर’ किंवा ‘ट्रान्सप्लांट किडनी यूएसजी विथ डॉप्लर’. चिठ्ठीवर नुसते ‘यूएसजी’ लिहिले असेल तर ओपीडीतून बाहेर पडण्याआधीच विचारा, “डॉक्टर, डॉप्लर हवाय का? तसं लिहून द्याल का?” घाईत ही ओळ राहून जाते. त्यात गैर काही नाही, पण भुर्दंड तुमच्या खिशाला.

हे वेगळे नाव कशासाठी, तेही समजून घ्या, कारण फोनवर दर विचारताना ते लागते. नवी किडनी जुनीच्या जागी, पाठीत, बसवत नाहीत. ती पुढच्या बाजूला, ओटीपोटात, बहुधा उजव्या जांघेच्या वर ठेवतात. जुन्या दोन्ही किडन्या खास कारण नसेल तर जागीच राहतात. नव्या किडनीची धमनी आणि शीर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात, आणि मूत्रनलिका मूत्राशयाला. त्वचेखाली काही सेंटिमीटरवरच किडनी, मध्ये आतड्यांचा गॅस नाही. त्यामुळे सोनोग्राफीत ती इतकी स्वच्छ दिसते की पाठीतली किडनी कधीच तशी दिसत नाही. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. शिवाय सीटी स्कॅनसाठी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट नाही. क्रिएटिनिन वाढलेल्या पेशंटला ते देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात. डॉप्लर पहिला आणि सीटी नंतर हा क्रम या कारणाने लागतो. तो केवळ स्वस्त-महागाचा प्रश्न नाही.

दर

पुण्या-मुंबईच्या खासगी सेंटरमध्ये पोटाची साधी सोनोग्राफी ढोबळमानाने १,००० ते २,५०० रुपयांत होते. ग्राफ्ट डॉप्लर २,००० ते ५,००० रुपयांच्या दरम्यान. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात त्याहूनही वर. जिल्ह्याच्या गावी दर उतरतात, पण तिथे ‘ग्राफ्ट डॉप्लर’ या नावाची ओळच दरपत्रकात नसते. मग ‘रीनल डॉप्लर’चा दर लावतात. तो दोन किडन्यांचा असतो, तुमची तपासायची एक. एका किडनीचा दर लावाल का, हे विचारायला लाजू नका; काही जण कमी करतात, काही नाही म्हणतात. उलटही घडते: ‘अॅब्डोमेन’ वेगळे आणि ‘डॉप्लर’ वेगळा अशी दोन बिले जोडली जातात. डॉक्टरांनी पूर्ण पोट पाहायला सांगितले नसेल तर पहिले बिल कशाचे, हा प्रश्न रास्त आहे.

फोनवरचा संवाद साधारण असा असावा:

“मॅडम, ट्रान्सप्लांट किडनीचा डॉप्लर तुमच्याकडे होतो का?”

“हो, होतो. दोन हजार आठशे.”

“त्यात किडनीची सोनोग्राफी धरलेली आहे, की तिचे वेगळे?”

“… थांबा, विचारून सांगते.”

“आणि डॉप्लर कोण करतं? ते सर कोणत्या दिवशी असतात?”

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डॉप्लर ही हाताची तपासणी आहे. यंत्र तेच असले तरी कोन चुकला की रक्ताच्या वेगाचा आकडा चुकतो. बसवलेल्या किडनीची धमनी वळसे घेत जाते, आणि रोज गरोदर बायकांच्या सोनोग्राफी करणाऱ्याला ती सापडायला वेळ लागतो. ज्या सेंटरला ट्रान्सप्लांटचे पेशंट नियमित येतात, तिथे पाचशे रुपये जास्त पडले तरी द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शंकास्पद रिपोर्ट आला की पुढे सीटी अँजिओग्राफी येते, तिचे बिल बहुतेक ठिकाणी पाच आकड्यांच्या आसपास जाते.

आपल्याकडे सोनोग्राफी तंत्रज्ञ करत नाही, डॉक्टर स्वतः करतात. काही देशांत तंत्रज्ञ प्रतिमा घेतो आणि डॉक्टर नंतर वाचतो; इथे तसे नाही. त्यामागे गर्भलिंग निदानाविरोधातला कायदा आहे. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला, केंद्राचा १९९४ चा. प्रत्येक यंत्राची आणि केंद्राची नोंदणी लागते, आणि यंत्र उचलून कुठेही नेता येत नाही. म्हणून ‘घरी येऊन सोनोग्राफी’ अशी जाहिरात दिसली, तर स्वस्त असो की महाग, तिच्या वाटेला जाऊ नका. रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून ठरावीक वारीच येणाऱ्या गावात तारीख मिळायला वेळ का लागतो, याचे उत्तरही इथेच आहे.

भरती असताना तीच तपासणी महाग पडते. बऱ्याच हॉस्पिटलांत तपासण्यांचे दर खोलीच्या वर्गाशी बांधलेले असतात; जनरल वॉर्डला एक, सिंगल रूमला दुसरा. रात्रीचा ‘इमर्जन्सी’ आकार आणि पलंगाशी यंत्र आणण्याचा ‘बेडसाइड’ आकार वेगळे. भरती होतानाच एस्टिमेट मागताना डॉप्लर किती धरले आहेत ते विचारा. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्क सनद आणि मुख्य सेवांचे दर लावणे अपेक्षित आहे. दरपत्रक दिसत नसेल तर मागा.

एक छोटी गोष्ट: तपासणीच्या बिलावर जीएसटी नसतो. निदान सेवा करमुक्त आहेत. बिलात ‘टॅक्स’ नावाची ओळ दिसली तर विचारा.

कधी करायची, कधी नाही

ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस सर्वात नाजूक. नव्या किडनीच्या शिरेत किंवा धमनीत रक्त गोठले तर किडनी काही तासांत हातातून जाते, म्हणून ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी, कधी त्याच रात्री, डॉप्लर करतात. लघवी अचानक थांबली तर पुन्हा. हे डॉप्लर टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत; ते बहुधा पॅकेजमध्येच असतात, नसतील तर भांडून घालून घ्यावेत. पुढे डिस्चार्जच्या आधी एक आणि मूत्रनलिकेत ठेवलेली नळी (डीजे स्टेंट) काढल्यावर एक अशी पद्धत अनेक युनिटमध्ये आहे. स्टेंट काही आठवड्यांनी दुर्बिणीतून काढतात, त्यानंतर लघवीचा निचरा नीट होतो ना, हे पाहायला साधी सोनोग्राफीही पुरते.

महिना-दोन महिन्यांनी किडनीभोवती लसिकेचे पाणी साचू शकते, त्याला लिंफोसील म्हणतात. लहान असेल तर नुसते लक्ष ठेवायचे. मोठे होऊन मूत्रनलिकेवर दाब आला तर काढावे लागते. धमनी जोडलेल्या ठिकाणी अरुंद होणे हे त्यानंतरचे, साधारण तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे दुखणे. ब्लडप्रेशरच्या गोळ्या वाढतच चालल्या, विशिष्ट गटाची बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन चढले, पायावर सूज आली, की डॉक्टर डॉप्लर लिहितात. तो लगेच करावा.

आणि एरवी? पहिले वर्ष सुरळीत गेले, क्रिएटिनिन महिन्यामागून महिने एकाच जागी आहे, लघवीत प्रथिने नाहीत, तर दर दोन-तीन महिन्यांनी डॉप्लर करण्यात फारसे हशील नाही. वर्षातून एकदा सोनोग्राफी बहुतेक युनिटे सांगतात. त्यात जुन्या, आक्रसलेल्या किडन्याही पाहून घ्याव्यात. त्यांच्यात गाठी होऊ शकतात, आणि ‘आता त्यांचं काय काम’ म्हणून कोणीच तिकडे बघत नाही.

‘मनाच्या समाधानासाठी’ केलेल्या डॉप्लरचे पैसे दुसरीकडे जास्त कामी येतात. समजा डॉप्लर ३,००० रुपयांचा आहे. क्रिएटिनिन दोन-तीनशे रुपयांत होते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी, जिला सगळे ‘टॅक लेव्हल’ म्हणतात, साधारण दीड ते तीन हजारांत. किडनी बिघडायला लागली की पहिली चाहूल या दोन तपासण्यांत आणि लघवीत लागते. डॉप्लर नॉर्मल आला म्हणून त्या महिन्याची टॅक लेव्हल चुकवणे हा काटकसरीचा सर्वात महागडा प्रकार. गोळ्यांचा ब्रँड स्वस्तात बदलायचा विचार असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि बदलल्यावर लेव्हल पुन्हा तपासून.

रिपोर्टमध्ये पैसे वसूल झाले का?

रिपोर्ट हातात आल्यावर तो पाकिटात घालण्याआधी काउंटरपाशीच उघडून बघा. चांगल्या ग्राफ्ट डॉप्लरच्या रिपोर्टमध्ये काय असते, ते उदाहरणाने सांगतो, आकडे समजण्यापुरते.

पहिल्या ओळीत किडनी कोणत्या बाजूला आहे आणि तिची लांबी: समजा ११.२ सेंटिमीटर. मग पेल्व्हिकॅलिसियल सिस्टीम, म्हणजे लघवी साठणारा आतला भाग, फुगलेला आहे का. बसवलेल्या किडनीत तो किंचित फुगलेला दिसणे नेहमीचेच, त्यामुळे एकट्या रिपोर्टवरून काही ठरत नाही. मागच्यापेक्षा वाढला का, हे पाहायचे. त्यानंतर किडनीभोवती पाणी, रक्त किंवा पू साठला आहे का, असेल तर तिन्ही मापे. मग मुख्य धमनीतल्या रक्ताचा सर्वोच्च वेग, समजा सेकंदाला १४० सेंटिमीटर. शीर मोकळी आहे अशी स्पष्ट ओळ. आणि वरच्या, मधल्या, खालच्या भागातले तीन ‘आरआय’.

हा आरआय, रेझिस्टिव्ह इंडेक्स, पेशंटच्या घरात क्रिएटिनिनच्या खालोखाल चर्चेचा विषय असतो. गणित सोपे आहे. हृदयाच्या ठोक्याला आतल्या बारीक धमनीत रक्ताचा वेग ५० असला आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तो १८ वर आला, तर फरक ३२. ३२ भागिले ५० म्हणजे ०.६४. मधल्या वेळातही रक्त पुढे वाहत राहते, म्हणजे किडनीत फार अडथळा नाही. साधारणपणे ०.७ पर्यंत निर्धास्त, ०.८ च्या वर गेला की डॉक्टर कारण शोधतात. उलट मुख्य धमनीतला वेग २०० ते ३०० च्या वर आणि आतला प्रवाह मंद, चढायला वेळ घेणारा, असे दिसले तर धमनी अरुंद झाल्याचा संशय.

पण आरआयच्या एका आकड्याने झोप उडवून घेऊ नका. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये दाखवले की ज्यांचा आरआय ०.८ किंवा त्याहून जास्त, त्यांच्या बसवलेल्या किडनीचे पुढे बिघडण्याचे प्रमाण जास्त. जगभर तो आकडा पाठ झाला. मग दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या गटाने बायोप्सीच्या ठरलेल्या वेळी आरआय मोजून पाहिले, तेव्हा वेगळेच निघाले: तो आकडा किडनीच्या पेशींपेक्षा पेशंटचे वय आणि त्याच्या एकूण रक्तवाहिन्यांचा ताठरपणा यांच्याशी जास्त बांधलेला होता. म्हणजे साठीच्या, मधुमेही पेशंटचा ०.७८ आणि पंचविशीच्या मुलाचा ०.७८ एकच गोष्ट सांगत नाहीत. जुने रिपोर्ट फाईलमध्ये असले तर डॉक्टर एका मिनिटात ठरवतो. तुमचा ०.७८ गेली चार वर्षे ०.७८ असेल तर ती तुमची ठेवण. मागच्या महिन्यात ०.६२ होता तर प्रश्न आहे.

रिपोर्टमध्ये काही वेळा भलतेच सापडते. ‘दोन्ही किडन्या आकाराने लहान’ असे ठळक अक्षरात, आणि बसवलेल्या किडनीबद्दल एकच ओळ: ‘ग्राफ्ट किडनी नॉर्मल’. आरआय नाही, शिरेचा उल्लेख नाही. डॉप्लरचे पैसे घेऊन असा रिपोर्ट दिला असेल तर तिथेच सांगा की आरआय आणि धमनीचा वेग लिहून द्या. प्रतिमा यंत्रात असतात, बहुतेक वेळा पुरवणी रिपोर्ट तासाभरात मिळतो. दुसऱ्या दिवशी फोन केला की ‘सर नाहीत’ सुरू होते.

काय कळत नाही

सोनोग्राफीचा दलाल आणि घरातला हितचिंतक दोघेही एकच वाक्य बोलतात: “एकदा डॉप्लर करून टाका, रिजेक्शन असेल तर कळेल.” नाही कळत. शरीराने किडनी नाकारणे, औषधाचा किडनीवर झालेला दुष्परिणाम आणि ऑपरेशननंतर किडनीचे काम तात्पुरते मंदावणे, या तिन्हींत डॉप्लरचे चित्र एकसारखे बिघडू शकते, आणि सौम्य रिजेक्शनमध्ये ते अगदी नॉर्मलही राहते. निवाडा बायोप्सीच करते. तिचा खर्च डॉप्लरच्या कित्येक पट. भरती, पॅथॉलॉजी, खास रंगतंत्रे धरून खासगीत पंधरा-वीस हजारांपासून पुढे. डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली असताना ‘आधी अजून एक डॉप्लर करून बघू’ असे म्हणत आठवडा घालवणे महागात पडते. डॉप्लर तिथे करतातच, पण वेगळ्या कामासाठी: अडथळा किंवा रक्तवाहिनीचा बिघाड नाही ना, हे आधी पाहायला, आणि मग सुई नेमकी न्यायला. त्या सोनोग्राफीचे पैसे बायोप्सीच्या एस्टिमेटमध्ये धरलेत का, तेही विचारून घ्या.

अलीकडे दोन नवी नावे दरपत्रकात दिसतात. एक ‘इलॅस्टोग्राफी’, म्हणजे किडनी किती कडक झाली आहे ते मोजणे. यकृतासाठी ती उपयोगी आहे. बसवलेल्या किडनीत मात्र खोली, प्रोबचा दाब, रक्तप्रवाह यांनी आकडा हलतो आणि अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. स्वतःच्या खर्चाने ती मागून घेण्यात अर्थ नाही. दुसरे ‘कॉन्ट्रास्ट अल्ट्रासाउंड’. शिरेतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात आणि किडनीच्या कोणत्या भागात रक्त पोचत नाही ते दिसते. हे बुडबुडे किडनीतून बाहेर पडत नाहीत, त्यांतला वायू श्वासावाटे निघून जातो. त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेले असतानाही चालतात. ही तपासणी खरोखर कामाची आहे, पण मोजक्याच मोठ्या हॉस्पिटलांत होते, आणि बाटलीचा खर्च वेगळा असल्यामुळे साध्या डॉप्लरच्या काही पट पडते. डॉक्टरांनी नेमके कारण सांगून लिहिली तरच करावी.

कमी पैशांत, किंवा फुकट

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या निःशुल्क आहेत. साधी सोनोग्राफी तिथे करून घ्यायला हरकत नाही. ग्राफ्ट डॉप्लरसाठी मात्र रेडिओलॉजिस्ट हजर आहे का, हे आधी विचारून जावे, नाहीतर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही फुकट. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, म्हणजे मुंबईचे जे. जे. किंवा पुण्याचे ससून, वेगळ्या खात्याकडे आहेत आणि केईएम, सायन, नायर ही महापालिकेची. तिथे नाममात्र शुल्क असते, हात तयार असतो, तारीख मात्र थांबून मिळते. वार्षिक सोनोग्राफी असेल तर महिनाभर आधी नंबर लावता येतो. क्रिएटिनिन चढले असेल तर रांगेत थांबू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. पॅकेजमध्ये भरती असतानाच्या तपासण्या धरलेल्या असतात. योजनेत भरती झालेल्या पेशंटला ‘डॉप्लरचे वेगळे भरा’ असे सांगितले तर बाहेरच्या खिडकीवर पैसे भरण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे जा, किंवा १५५३८८ वर फोन करा. नंतरच्या फॉलोअपच्या तपासण्या कशात बसतात हेही त्यालाच विचारायचे, आणि उत्तर शक्यतो लिहून घ्यायचे.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीतली ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’ची ओळ शोधा. डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांतल्या तपासण्या, बहुधा ६० ते १८० दिवस, परत मिळतात. याच काळात सर्वात जास्त डॉप्लर होतात, आणि याच काळात घरात बिले हरवतात. डॉक्टरांची चिठ्ठी, बिल, रिपोर्टची प्रत असे त्रिकूट जुळले पाहिजे. चिठ्ठीवर ‘यूएसजी’ आणि बिलावर ‘डॉप्लर’ असले की कंपनी हरकत काढते. ती मुदत संपल्यावर ओपीडीच्या तपासण्या सहसा आपल्याच खिशातून जातात. आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८० डीडीबीखाली दीर्घकालीन किडनी निकामी झाल्याच्या आजारासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाखापर्यंत, वजावट मिळत आली आहे. त्यासाठी नेफ्रॉलॉजिस्ट किंवा युरॉलॉजिस्टचे लेखी प्रमाणपत्र लागते. नव्या पद्धतीत ही वजावट नाही, म्हणून विवरणपत्र भरण्याआधी सीएला दोन्ही हिशेब करायला सांगा.

सवलतीबद्दल थोडे स्पष्टच बोलतो. ‘अमुक डॉक्टरांनी पाठवलंय’ सांगितले की काही सेंटरे दर कमी करतात, काही करत नाहीत, कारण तो फरक दुसरीकडे जायचा असतो. कट प्रॅक्टिस बंद करण्यासाठी राज्यात २०१७ साली कायद्याचा मसुदा तयार झाला, तेव्हा हा विषय उघड बोलला गेला, एवढे तरी झाले. तुमच्या हातात असते ते इतकेच: डॉक्टर एकाच सेंटरचा आग्रह धरत असतील तर का, हे विचारणे. “तिथले सर ट्रान्सप्लांटचे डॉप्लर चांगले करतात” हे उत्तर पटण्यासारखे आहे. “तिथेच करा” हे उत्तर नाही.

तपासणीच्या दिवशी

उपाशीपोटी या, असे सेंटरवाले सरसकट सांगतात. फक्त बसवलेली किडनी पाहायची असेल तर त्याची फारशी गरज नसते. पूर्ण पोट पाहायचे असेल तर असते. विचारून घ्या, विशेषतः मधुमेह असेल तर. त्याच दिवशी टॅक लेव्हलचे रक्त द्यायचे असेल तर ते सकाळच्या गोळीच्या आधी, रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचे आणि लगेच गोळी घ्यायची. सोनोग्राफीचा नंबर अकराला आहे म्हणून गोळी अकरापर्यंत लांबवायची नाही. उपाशी राहायला सांगितले असले तरी घोटभर पाण्याबरोबर गोळी चालते का, हे आदल्या दिवशीच विचारा.

मूत्राशय थोडे भरलेले चालते, पण तट्ट भरून जाऊ नका. भरलेल्या मूत्राशयामुळे किडनीतला निचराही तुंबतो आणि फुगवटा नसताना दिसतो. तसे दिसले तर लघवी करून आल्यावर पुन्हा पाहायला सांगा. चांगला डॉक्टर ते आपणहून करतो. पहिल्या वर्षात, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जोरात असताना, सकाळचा पहिला नंबर मागा आणि मास्क लावूनच बसा. खोकणाऱ्या माणसांनी भरलेल्या वेटिंग रूममध्ये दोन तास काढणे परवडत नाही. प्रोब तुमच्या आधी पुसला का, हे विचारणे उद्धटपणा नाही.

सोबत काय न्यायचे? ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, त्यात किडनी कोणत्या बाजूला आणि धमन्या किती, हे लिहिलेले असते. काही डोनर किडन्यांना दोन धमन्या असतात, आणि तपासणाऱ्याला ते माहीत नसेल तर एकच पाहून रिपोर्ट पूर्ण होतो. आणि आधीचे सगळे डॉप्लर, तारखेप्रमाणे लावलेले. मोबाइलवर फोटो काढून ठेवले तरी चालतील. प्रतिमांची सीडी किंवा फाईल फुकट देतात की आकार लावतात, ते आधीच विचारलेले बरे.

हॉस्पिटलने कागदपत्रे अडवली तर लेखी अर्ज द्या. वैद्यकीय नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. बिलात फसवणूक झाली, न केलेल्या डॉप्लरचे पैसे लागले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला आयोगात फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अर्जाला बिल, रिपोर्ट आणि डॉक्टरांची मूळ चिठ्ठी जोडायची. चिठ्ठी सेंटरवाले ठेवून घेतात, म्हणून ती देण्याआधी तिचा फोटो काढा.